अपुरा पत्ता

लुमिर ह्रुष्काने एकतीस वर्षं टपाल वाटलं
नेब्रास्कातल्या खडीच्या रस्त्यांवरून.
गाडीच्या खिडकीतून कायम एकच हात बाहेर,
म्हणून उजवा रापलेला आणि डावा
कुणा दुसऱ्याच माणसाचा वाटावा असा.
आता निवृत्त आहे. आता चालत जायचं
ते फक्त स्वतःच्या पेटीपर्यंत,
आणि तिच्यात बहुतेक वेळा ट्रॅक्टरच्या टायरांची जाहिरात.

सप्टेंबरात, दवाच्या एका सकाळी,
पेटीच्या खांबाशी गवतावर
रुमालाएवढं काही वाळत घातलेलं दिसलं,
एका कोपऱ्यात खोल गेलेलं, नरसाळ्यासारखं,
आणि नरसाळ्याच्या तोंडाशी ती.
पाठीवर दोन गडद पट्टे,
मागे दोन बारीक शेपट्या, सूत काढायच्या.

त्याने बोट लावून पाहिलं. जाळं चिकट नव्हतं.
ती कुणाला चिकटवून ठेवत नाही, ती धावते.
नाकतोडा वरच्या धाग्यांत अडखळून पडला
आणि पाय सावरेपर्यंत ती पोचलेली होती.
‘मीसुद्धा,’ लुमिर तिला म्हणाला,
‘कुत्र्याच्या आधी दारापर्यंत पोचायचो.’

प्लमच्या मुरंब्याची रिकामी बाटली,
झाकणाला खिळ्याने पाडलेली भोकं,
शेजारच्या सीटवर पट्टा लावून बसवलेली.
कॉलेजातल्या ऑडेट विंकलमनने
केसांत खोचलेला चष्मा खाली ओढला,
बाटली फिरवली, आठ डोळ्यांच्या दोन ओळी मोजल्या
आणि कागदावर वरून खाली लिहीत गेली,
सृष्टी प्राण्यांची, संघ संधिपादांचा,
वर्ग अष्टपाद, गण कोळ्यांचा,
कुळ अजेलेनिडी,
प्रजाती अजेलेनॉप्सिस.

लुमिर हसला. ‘अहो, हा तर पत्ता!
छाटणीच्या खोलीत आम्हीही असंच वाचायचो,
आधी राज्य, मग गाव, मग रस्ता,
माणसाचं नाव सगळ्यात शेवटी.
आणि हिचं?’

ऑडेटने पेन खाली ठेवलं.
या प्रजातीत डझनभर तरी जाती,
आपल्या भागात त्यातल्या काही,
वरून बघाल तर सगळ्या बहिणी.
फरक पोटाखाली असतो, टाचणीच्या डोक्याहून लहान,
भिंगाखाली दिसतो, अल्कोहोलात बुडवल्यावर.
‘कुळापर्यंत जिवंत चालतं,’ ती म्हणाली.
‘जात कळायची तर मारावं लागेल.’

लुमिर काही बोलला नाही.
त्याला एक पाकीट आठवलं, बर्फाच्या वादळातलं,
वर नुसतं ‘मावशी, हिरवं घर’,
आणि शाई ओघळलेली.
‘पत्ता अपुरा’ असा शिक्का खिशातच होता.
तीन हिरव्या घरांची दारं वाजवली त्याने,
तिसऱ्या दारात एका बाईने पाकीट न फोडताच
त्याला कोलाच खायला बसवलं.

कागद त्याने घडी घालून घेतला,
‘जात’ या शब्दापुढची रेघ रिकामी.
बाटली गवतावर आडवी केली.
ती बराच वेळ काचेतच राहिली.
मग नव्हती.

ऑक्टोबरचं पहिलं हिमदव.
खांबाच्या मागे, फळी सुटली तिथे,
एक पांढरी चकती, लाकडाचा भुसा चिकटवलेली,
तिच्यावर ती, आठही पाय पसरून.
गार. हलकी.
आता जात विचारता आली असती, फुकट.
त्याने एका पायाखाली नख घातलं.
पाय सुटला नाही.
त्याने नख काढून घेतलं,
फळी होती तशी दाबली,
आणि जाता जाता पेटीचं लाल निशाण वर केलं,
न्यायचं टपाल आहे, असं सांगणारं.

अकराच्या सुमाराला नवी पोरगी आली,
गाडी थांबवली, पेटी उघडली,
आत हात घालून चाचपलं.
खिडकीआड लुमिर मोजे चढवत होता.
तिने घराकडे एकदा पाहिलं,
निशाण खाली केलं,
आणि खडी उडवत पुढच्या घराकडे गेली.